ओझरला दिलेली मुलगी

निघाले त्या दिवशी ओझरच्या कॉलनीत टॅक्सीची डिकी काही केल्या लागेना. आई बॅगेवर गुडघा रोवून उभी होती आणि बाबा ड्रायव्हरला मुंबईचा रस्ता समजावत होते, जणू तो बिचारा पहिल्यांदाच चालला होता. गाडी हलली तशी आईने खिडकीतून माझा गाल धरला. "लवकर येजो, माय," म्हणाली. बाजारात ऐकू येणारी अहिराणी, ती आईच्या तोंडी? घरात ती स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायची. मला वाटलं, हसवायला म्हणतेय. मी हसलेही.

आता कॅलगरीत दिवाळीला फोन हातात घेते आणि लावायचा कुणाला, हे न सुचून परत ठेवते. आई-बाबा गेले. बाबा एकुलते, मीही एकुलती. उरलं आईचं माहेर, तर त्याचं फक्त आडनाव मला ठाऊक: अहिरे. तिची आई लवकर गेली, घरात सावत्र आई आली आणि जाणं-येणं तुटलं. मी विचारलं की एकच उत्तर, "माहेर आई असेपर्यंत असतं गं." मग ती कुकर लावायला उठायची.

दोन वर्षं मी रात्रंदिवस वंशावळीच्या वेबसाइटवर 'शैला अहिरे' शोधली. थुंकी कुपीत भरून डीएनए टेस्टलाही पाठवली. कुठल्या तरी देशातले चार अनोळखी दूरचे भाऊबंद तेवढे निघाले. तुमच्यातलं कुणी विचारेल, वंशावळ शोधून देणारं माणूस पैसे मोजून कधी गाठावं? घरातली म्हातारी माणसं हयात असतील तर मुळीच नको. त्यांनाच फोन करा, कंटाळा येईस्तोवर बोलू द्या. विचारायला कुणी उरलं नाही आणि पुढचा प्रश्न गावोगाव हिंडूनच विचारावा लागणार असेल, तेव्हा गाठा. मी नाशिकच्या मृणालताईंना गाठलं. हेच काम करतात त्या.

त्यांनी पहिल्याच कॉलवर विचारलं, "लग्नात आईंचं नाव बदललं होतं का?" ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, हे काय मला माहीत नव्हतं? शैला त्या तांदळातच जन्मली होती. तिच्या माहेरी त्या नावाची मुलगी कधी नव्हतीच!

"बरं, त्या कधी वेगळं काही बोलायच्या?" मृणालताईंनी विचारलं. तेव्हा मला 'येजो' आठवलं.

अहिराणी बोलणारा मुलूख म्हणून त्या सटाण्याच्या बाजूला गेल्या. अहिरे गावोगाव, आणि आईचं माहेरचं नावच माहीत नाही, तर विचारायचं कुणाविषयी? शेवटी नामपूरला त्यांनी प्रश्नच फिरवला: अहिऱ्यांची कोणती मुलगी ओझरला दिली होती? सासरी नाव पुसलं जातं, पण मुलगी कुठे दिली हे माहेरचं गाव विसरत नाही. ओट्यावर कांदे निवडत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आमनी कमळ."

ती म्हातारी आईची चुलत बहीण, म्हणजे माझी मावशी. रविवारी मृणालताईंनी व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्यासमोर धरला. "कमळनी पोर शे ना तू? जेवनी का?" मला निम्मंच कळत होतं. आई गेली म्हणाले, तशी तिने पदर तोंडाला लावला. मग कितीतरी वेळ ती कमळविषयी बोलत राहिली आणि मी, तिची मुलगी, परक्यासारखी ऐकत राहिले. आईने आपलं नाव, आपली बोली माझ्यापासूनही लपवून ठेवली होती. किती एकटी असेल ती आमच्यात!

ओझरचं बाबांच्या नोकरीतलं क्वार्टर कधीच दुसऱ्या कुणाला मिळालं. घर म्हणजे आता नामपूरचा तो ओटा, जिथे मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही.

फोन ठेवता ठेवता मावशी म्हणाली, "लवकर येजो, माय."

या वेळी हसू आलं नाही. 'येईन' हे तिच्या बोलीत जुळवेपर्यंत पलीकडून फोन बंद झाला होता. मग रिकाम्या स्वयंपाकघरात, मोठ्याने, मी ते उत्तर दोघींनाही दिलं.

"येसू."