दत्तारामने बोर्ड बाहेर दिले

दत्ताराम घाग संगमेश्वरचा. शारजात येऊन बावीस वर्षं झाली. आधी साइटवर वायरी ओढल्या, मग लिफ्टचं काम शिकला, आणि पाच वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या नूरुद्दीनला भागीदार घेऊन शारजातल्याच रोल्ला भागातल्या जुन्या बिल्डिंगांच्या लिफ्ट सांभाळायचं कंत्राट घेऊ लागला. बिघडलेला सर्किट बोर्ड त्याने आजवर परक्या हातात दिला नव्हता.

२०२४च्या एप्रिलात रस्ते बुडवणारा पाऊस झाला, तेव्हा एका नऊ मजली बिल्डिंगच्या गच्चीवरच्या लिफ्ट-मशीन रूमचं दार वाऱ्याने उखडलं. पाणी थेट लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलमध्ये. बिल्डिंगला लिफ्ट एकच, आणि आठव्या मजल्यावरच्या हव्वाबीला एक दिवसाआड डायलिसिस.

रस्ते उघडल्यावर दत्ताराम वर गेला. पॅनेलमधले तिन्ही बोर्ड स्पिरिटने धुतले, ब्लोअरने वाळवले, बसवले. लिफ्ट हलली. रिकाम्या पाच फेऱ्या नीट झाल्या.

"खलास, झालं काम," नूरुद्दीन म्हणाला. "सांग लोकांना."

"एक फेरी मी आतून मारतो."

चौथ्या-पाचव्याच्या मध्ये लिफ्ट थांबली आणि दार आपोआप उघडलं. समोर सिमेंटची भिंत. दत्ताराम मागच्या पत्र्याला चिकटून उभा राहिला. भिंत खाली सरकू लागली. दार उघडं, आणि लिफ्ट वर चालली होती. त्याने लाल बटण दाबलं.

नूरुद्दीनने त्याला शिडीने बाहेर काढलं. "ओल राहिली असेल, दत्ताभाऊ. परत धू. दुपारपर्यंत चालू होईल."

होईलही, हे दत्तारामला ठाऊक होतं. पुन्हा पाच फेऱ्या नीट होतील, दहासुद्धा होतील. अकरावीला आत कोण असेल?

"तिकडे रास अल खैमा शहरात एक वर्कशॉप आहे. समिधा मॅडमचं. फक्त भिजलेले, जळलेले बोर्ड करतात," तो म्हणाला. "तिकडे देऊ."

"तीन दिवस जातील. मालक आपल्याला बिल्डिंगमधूनच काढेल."

"काढू दे."

जिन्यात हव्वाबीचा मुलगा तहा उभा होता. "तीन दिवस? उद्या सकाळी अम्मीचं डायलिसिस आहे. तुमचं कामच हे ना?"

"मी उतरवतो त्यांना," दत्ताराम म्हणाला.

सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीला पट्टे बांधून त्याने आणि तहाने हव्वाबीला आठ मजले उतरवलं. दुपारी परत चढवलं. सहाव्याला खुर्ची टेकवून दत्ताराम पायरीवर बसला.

"तुला येत नव्हतं का रे ते काम?" हव्वाबीने सहज विचारलं.

ओठांवर आलेलं उत्तर त्याने गिळलं. "नाही, खाला. हे नव्हतं येत."

संध्याकाळी समिधाचा फोन आला. "वरून स्वच्छ होते हो, पण चिपखाली पाणी तसंच होतं. आतले तांब्याचे धागे गंजाने खाल्लेत. दोन वाचतील. दाराचा बोर्ड मेला, नवीन मागवते."

तीन दिवसांचे पाच झाले. खुर्ची आणखी एकदा उतरली, एकदा चढली. मालकाने नूरुद्दीनला फोनवर नको नको ते ऐकवलं, आणि पुढच्या वर्षीच्या कंत्राटाचं बघू, म्हणाला.

पाचव्या दिवशी दत्तारामने एकट्याने चाळीस फेऱ्या मारल्या, मगच लिफ्टच्या दारावर लावलेली लाल पट्टी काढली आणि लिफ्ट आठव्यावर नेली. तिथे तहाने खुर्ची जिन्याकडे वळवली होती. हव्वाबी खुर्चीतून उठली, भिंतीला धरत लिफ्टमध्ये गेली आणि दत्तारामशेजारी उभी राहिली.

"दाब," ती म्हणाली.