वरच्या वावरातले ते

ऐका, पण आधी चहाचा घोट गिळा. नंतर ठसका लागला तर मला दोष द्यायचा नाही. रिठदकडच्या चार गावांत माझ्यासारखी तोंडाळ बाई नव्हती, आणि ह्याच तोंडानं भर चावडीत माझी फजिती केली. बोलून नव्हे हो, गप्प बसून!

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळायची मारामार. मी सत्तावीस वर्षांची, नवरा तापानं गेलेला, पदरात दोन पोरी. सखू नऊ वर्षांची, गंगी सहाची. चार एकर वावर आणि एक बैल. आता एका बैलावर वखर चालतो का? म्हणून वरच्या वावरवाल्याशी सावड केली. त्यांचाही बैल एकच होता, आणि बायको बाळंतपणात गेलेली. दोघांचे बैल एकत्र जुंपायचे, एक दिवस त्यांचं रान, एक दिवस माझं. सगळा वऱ्हाड असंच करतो, त्यात नवल काय?

पण बैल जवळ आले की माणसंही दिसायला लागतात. माझ्या ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी दुसरी भाकर मागायचे. गंगीच्या पायात काटा रुतला तर वखर उभा करून काटा काढत बसायचे. मी मनात म्हणायची, मला काय त्याचं! आणि दुसऱ्या दिवशी तिखट कमी लागावं म्हणून ठेच्यात शेंगदाणे जास्त घालायची. याला माया म्हणा नाहीतर अक्कल गहाण टाकणं म्हणा.

ज्यांना स्वतःच्या घरची भाकर करपलेली कळत नव्हती, त्या बायांना माझ्या ठेच्यातले दाणे बरोबर दिसले. आणि माझा धाकटा दीर! भाऊ तापानं फणफणला होता तेव्हा या शहाण्याला आमच्या घराची वाट सापडली नाही. आता मात्र पागोटं बांधून थेट चावडीवर गेला, वैनीनं माणूस धरला म्हणून सांगायला.

आमच्यात विधवेला पाट लावून दुसरा संसार थाटता येतो, त्यात लाज नाही. पण पाट लावला की पहिल्याचं वावर आणि पहिल्याची लेकरं त्याच्या घराण्याकडे राहणार, असा गावाचा रिवाज. वावर गेलं तर मजुरी करीन, पण पोरी? पोरी मी देणार नव्हते. ठरवलं, चावडीत जायचं, कोणाशी काही नाही म्हणून ठणकावून सांगायचं आणि पोरींना घेऊन घरी यायचं.

गेले. पोरींना दोन्ही बाजूंना घेऊन उभी राहिले आणि जी सुरू झाले! दिराचे वाभाडे काढले, बायांची एकेक लफडी सांगितली, निम्मी चावडी खाली बघायला लागली. पाटलांनाही माझं म्हणणं पटलं होतं. त्यांनी आपलं रीत म्हणून शेवटचं विचारलं, "बाई, तुमची सावड कोनासंगं हाय? एवढं नाव सांगा अन् घरी जा."

मी तोंड उघडलं. नाव काही निघेना.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्यात बाई कोणाचं नाव घेत नाही ते! ते नाव घेणं मी कितीतरी महिन्यांपूर्वी कधी सोडलं, माझं मलाच कळलं नव्हतं.

"थे... वरच्या वावरातले," मी म्हणाले.

"वरच्या वावरातले कोन?"

"ज्यायचा पांढरा बैल हाय, थे."

"मी बैलाचं नाई इचारून राह्यलो, मानसाचं नाव सांगा."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पदर आपोआप डोक्यावर पुढे आला, मेला! पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी सखूलाच दया आली. तिनं खड्या आवाजात त्यांचं नाव सांगितलं आणि वर मला विचारलं, "आई, तू काहून नाव नाई घेत?"

चावडी फुटली हसून. दिराचा चेहरा तर असा उजळला, जसं याचंच लग्न ठरलं. पाटलांनी त्यांनाही बोलावणं पाठवलं. आता हे तरी अवसान राखतील असं मला वाटलं. कोणाच्या वावरात वखर धरता, असं विचारल्यावर हा सहा फुटी गडी जमिनीकडे बघत म्हणतो, "यायच्या." झालं! त्यांनाही माझं नाव घेता येईना. दोघंही एकाच माळेचे मणी.

पाटलांनी मग दिराला विचारलं, वावर तुझं झालं, पोरी कधी नेतोस? खाऊ घालायच्या, दोघींची लग्नंही करायची. दीर घोगऱ्या आवाजात म्हणाला, पोरींना आईजवळच करमतं. एवढा मायाळू काका! मी तिथल्या तिथं म्हटलं, "वावर त्याले द्या, पोरी माह्या." चार एकर गेले. मला त्याचं आजही वाईट वाटतं, पण पोरींचे हात काही मी सोडले नाहीत.

आठवड्यानं पाट लागला. नवी चोळी, हातभर बांगड्या. माझ्या ठेच्यातले दाणे मोजणाऱ्या त्याच बाया कौतुकानं भोवती बसल्या आणि म्हणाल्या, आता तरी नाव घे, उखाण्यात घे. मी म्हटलं, घेतेच! चावडीची सगळी नाचक्की आज धुऊन काढते. पहिल्या लग्नात पाठ केलेला एकुलता एक उखाणा माझ्याजवळ होता, सासरी एवढी वर्षं तोच चालवला होता. ताठ बसले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "कापसाची गाडी निघाली रिसोडच्या बाजाराले..."

सगळा उखाणा एका दमात म्हटला, नावासकट. कुठे अडखळले नाही की लाजले नाही.

नाव पहिल्याचं घेतलं होतं.

 सखूनं तोंडावर हात ठेवला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आणि शेजारी बसलेले हे पागोटं सावरत सावकाश म्हणाले, "चाला, एकाचं तं नाव घेता आलं हिले."