दोष गाडीत नव्हता, असं मी म्हणालो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजात माझ्याबरोबर इतकी वर्षं राबणाऱ्या धाकट्या भावालाही नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही, असं स्वतःला समजावत आलो — ना अपघात, ना पोलीस, ना कुणाला खरचटलं. पण आता वय झालं. गाडीखाली आडवं पडलं की पाठ धरते, आणि पडल्या पडल्या तेच आठवतं. कंटाळलोय मी त्याला. म्हणून तुमच्याशी बोलतो.

जळगावात माझं गाड्यांचं गॅरेज आहे. सुधाकरभाऊ आणि त्यांच्या पत्नी मंगलाक्का ही जुनी गिऱ्हाइकं. भाऊ नोकरीतून रिटायर झालेले. अक्का पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकल्या. का शिकल्या, तर माहेर फैजपूरजवळ, आणि तिथं त्यांचे वडील एकटे. आबांचे गुडघे गेलेले, घरापासून केळीच्या बागेपर्यंतही चालवत नव्हतं. अक्का दर आठवड्याला जात. डबा, औषधं द्यायच्या, आणि मग आबांना पुढच्या सीटवर बसवून बागेच्या कडेकडेनं गाडी हळूहळू न्यायच्या. आबा काच खाली करून घड बघायचे, पाणी भरणाऱ्या माणसावर आतूनच ओरडायचे. हे मला अक्कांनीच सांगितलं होतं — क्लचच्या कामाला गाडी आणली तेव्हा. किती खुलून सांगत होत्या! "लवकर द्या हं भाऊ, आबा वाट पाहतात."

क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. त्यावर एक जाड वायर बोल्टनं बसवलेली असते, अर्थिंगची. गाडीचा सगळा करंट त्या वायरीच्या भरवशावर. ती मी सोडली, काम झाल्यावर परत लावली. बोल्ट हातानं फिरवला, पाना उचलणार तेवढ्यात बाहेरून कुणी हाक मारली. परत आलो तेव्हा वाटलं, आवळलाय. वाटलं — बस, एवढंच. हातून राहतं माणसाच्या. त्याचं मला काही नाही.

थोड्याच दिवसांत गाडी परत आली. क्लच मऊ लोण्यासारखा, पण आता नवीनच दुखणं. ब्रेकरवर, खड्ड्यात, गाडी झटकन बंद. पुन्हा चावी फिरवली की कधी चालू, कधी नुसती टकटक. फैजपूरला जाताना यावलच्या रस्त्यावर तर ट्रकच्या पुढ्यात बंद पडली होती, अक्का तिथूनच माघारी फिरल्या. भाऊ वैतागलेले. अक्का मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "बंद पडायच्या आधी मीटरचे दिवे जातात, भाऊ. आधी दिवे, मग इंजिन."

तुम्ही गाडी चालवत असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. क्लच चुकून पटकन सुटला आणि इंजिन बंद पडलं, तर मीटरचे दिवे जात नाहीत. उलट लागतात. आधी दिवे गेले, याचा अर्थ करंटच तुटतोय. अक्कांनी अर्धं निदान माझ्या हातावर आणून ठेवलं होतं. मला ते ऐकता क्षणीच कळलं. तरी मी स्कॅनर लावला. त्यात काही निघालं नाही. गाडी बाहेर फिरवली, सपाट रस्त्यावर ठणठणीत. गॅरेजकडे वळताना ब्रेकरवर चाक आपटलं आणि दिवे गेले. रॅम्पवर चढवली, त्या वायरीला हात लावला — हलली. बोल्ट दोन बोटांनी फिरत होता. आणि मग ती हाक आठवली, तो न उचललेला पाना आठवला. सगळं आठवलं.

बोल्ट आवळला. आता बाहेर येऊन बोलायचं होतं, माझ्याकडून राहिलं म्हणून. कितीसं अवघड होतं ते?

केळीचे एक मोठे व्यापारी त्या दिवशी खुर्चीत बसले होते. त्यांच्या गाड्या माझ्याकडे याव्यात म्हणून मी केव्हापासून मागे लागलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही, होते म्हणून सांगतो. मी हात पुसत आलो, तर सुधाकरभाऊच हसत म्हणाले, "काय हो, गाडीत आहे काही, का हिचंच चालवणं?"

दार त्यांनी उघडलं. आत मी शिरलो.

"गाडीत काही नाही भाऊ. अक्कांचा पाय जरा कच्चा आहे. प्लेट नवीन ना, पाय सुटला की बंद पडते."

व्यापारी हसले. भाऊ हसले. "पण ते दिवे —" अक्का म्हणाल्या. मी बॉनेट जोरात आपटून लावलं.

गाडी भाऊ चालवत घरी घेऊन गेले. वाटेत कुठंच बंद पडली नाही. नंतरही कधी पडली नाही. म्हणजे सिद्धच झालं, नाही का? अक्का ड्रायव्हरच्या सीटवरून उठल्या आणि दोष गेला! मी गुपचूप आवळलेल्या बोल्टनं माझ्याच खोट्याच्या बाजूनं साक्ष दिली. अक्कांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

भाऊंना सासुरवाडीचा कंटाळा. ते क्वचित जायचे. अक्का एसटीनं जात राहिल्या. एसटीनं डबा पोहोचतो — बाग कशी दाखवणार? सर्व्हिसिंगला आले तेव्हा भाऊच सहज बोलून गेले, म्हातारा लेकीच्या मागे लागतो, "मले तेवढं वावर दाखव व माय." पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. बाग त्यांनी शेवटची पाहिली ती मी क्लचला हात लावण्याआधी.

दिवसकार्य आटोपल्यावर दोघं गॅरेजात आले. अक्का मागच्या सीटवर. भाऊ पाणी प्यायला आत गेले तशी अक्कांनी काच खाली केली. "भाऊ, खरं सांगा. तेव्हा ते दिवे कशानं जायचे हो?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. आसपास कुणी नव्हतं — ना व्यापारी, ना भाऊ. मला कशाची भीती होती? मी म्हणालो, "भास झाला असेल, अक्का. घाबरल्यावर होतं तसं."

पहिलं खोटं घाईत सुटलं, असं म्हणता येईल कदाचित. हे दुसरं मी शांतपणे, नजरेला नजर देऊन बोललो. इतका वेळ आडवळणानं बोलत मी खरं तर याच्याकडेच येत होतो. "असेल," अक्का म्हणाल्या, आणि काच वर केली.

आता त्यांच्या घरात सून आली आहे. धुळ्याच्या देवपुरात वाढलेली, धीट पोर. गाडी शिकतेय. परवा सासूला शेजारी बसवून गॅरेजात घेऊन आली, आणि नेमकी फाटकाशी गाडी बंद पडली. पोर ओशाळली. अक्का हसल्या. अगदी मनापासून, तिची समजूत घालायला.

"जाऊ दे व. आपल्या घरात बायांच्या पायाला क्लच जमतच नाही. माझंही तसंच होतं. विचार या भाऊंना."

पोर माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. हो म्हणून.

मंगलाक्का गाडी फार चांगली चालवायच्या.