अच्छाडचा चिमण आणि माझी बिनक्लचची गाडी

माझ्या गाडीला क्लच नाही हे कळलं, की डहाणू-तलासरीतले निम्मे मेकॅनिक हातातला पाना खाली ठेवतात आणि उरलेले निम्मे चहा प्यायला निघून जातात. चिमण हा पहिलाच माणूस भेटला, जो बॉनेट उघडायच्या आधी चपला काढून मागच्या सीटवर जाऊन बसला आणि म्हणाला, "चालवा, बाय."

"तुम्ही चालवून बघणार नाही?" मी विचारलं.

"माझ्या हातात ती शहाण्यासारखी वागंल. तुमच्याशी भांडते कशी ते बघाया पायजे."

मग अनवाणी पावलं गाडीच्या तळाला टेकवून, डोळे मिटून तो बसला. गिअर बदलला की पावलांना कळतं म्हणे. मला वाटलं, झोपतोय. तलासरीपर्यंत जाऊन परत आलो तेव्हा त्याने सांगितलं, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी जरा अडखळते, बाकी ठणठणीत आहे. ही २०१६ सालची गोष्ट. त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू दिला नाही. एकदाच दिला, आणि त्याचीच ही हकीकत.

गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या चेकपोस्टच्या अलीकडे मुकेशभाईंचा ढाबा आहे. त्याच्या मागे पत्र्याची शेड, तीच चिमणची शाळा आणि तेच दुकान. वयाच्या पंधराव्या वर्षापासून तो तिथे ट्रकचे गिअरबॉक्स खोलतोय. त्याचा बाप रघ्या ताडाच्या झाडावर चढून ताडी काढायचा. मडक्यात नाक घालून, ही सकाळची की दुपारची, गोड की चढलेली, हे तो न चाखता सांगायचा. चिमण ताडीच्या थेंबालाही शिवत नाही, पण नाक बापाचं घेतलंय. ऑइलचं एक बोट नाकाशी धरलं की गाडीच्या पोटात काय जळतंय ते त्याला समजतं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याला कोणी शिकवला नाही. २०१४ साली हायवेवर अपघात झालेली एक ऑटोमॅटिक गाडी ढाब्यामागे आणून टाकली होती. तोंड चेपून इंजिनाचा पार चेंदामेंदा झालेला. मालक म्हणाला, भंगारात घाला. चिमणने तिचा गिअरबॉक्स तेवढा काढून घेतला आणि अख्खा पावसाळा तो खोलत आणि जोडत बसला. पहिल्यांदा जोडला तेव्हा चार स्प्रिंगा आणि एक लोखंडी गोळी हातात उरली. दुसऱ्यांदा नुसती गोळी. तिसऱ्यांदा काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने मुकेशभाईंकडून सगळ्या ड्रायव्हरांना चहा पाजला. तो गिअरबॉक्स पुढे कधी चालला नाही, कारण चालवायला इंजिनच नव्हतं. पण त्याची नस न नस चिमणला पाठ झाली.

आता माझ्याबद्दल. मी निलम, सायवनच्या दवाखान्यात नर्स. राहते डहाणूला. माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने बारीक राहिला. चालताना तो माझ्याबरोबर येतो, एवढंच त्याचं काम. क्लच दाबणं त्याच्या आवाक्यातलं नाही. म्हणून ही बिनक्लचची म्हातारी मी एका चिकूवाडीवाल्याकडून जुनी घेतली. लशींचा डबा मागे ठेवायचा, एका उजव्या पायावर रानशेतचं गाव ओलांडायचं, पुढचा चढ चढायचा आणि पाड्यापाड्यांवर हिंडायचं. कोणाच्या मोटरसायकलवर मागे बसायला नको, की जीपवाल्याची वाट बघायला नको. गाडी आल्यापासून मी कोणाला 'जरा सोडता का' म्हटलेलं नाही, आणि याचा मला भलताच माज आहे.

२०१८च्या जूनमध्ये चिमणने गाडीची नेहमीची तपासणी केली. आठवडाभर मी रजेवर होते, आणि कामावर निघाले त्याच दिवशी तिने मला दगा दिला. रानशेतच्या पुढे चढ लागला आणि इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. गाडी पुढे जाईना. पाय उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मागून येणारा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. शेवटी मी गाडी मागे घेतली, सपाटीवर आणली, तर शहाण्या मुलीसारखी चालायला लागली. दुसऱ्या दिवशीही तसंच. सपाटीवर राणी, चढावर भिकारीण.

खरं तर मी सरळ अच्छाडला जायला हवं होतं. पण मी विचार केला, चिमणने आत्ताच बघितलेली गाडी, तेव्हा छोटंमोठं काही असणारच नाही. काहीतरी फार मोठं मोडलंय. म्हणून गेले गुजरातच्या बाजूच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये. तिथे एसी होता, कॉफी होती, गाडीला वायर लावून बघायचा कॉम्प्युटर होता. त्या कॉम्प्युटरला माझी म्हातारी काही बोलली नाही. मग एका टाय घातलेल्या मुलाने गुळगुळीत हायवेवर तिला दोन किलोमीटर फिरवली आणि निकाल दिला, "मॅडम, गिअरबॉक्स गयेलो छे. ह्याचा पार्ट आता नाय मिळत. तुम्ही नवी साधी गाडी घेऊन टाका ना."

साधी म्हणजे क्लचवाली. माझ्या पायाकडे त्याचं लक्षही गेलं नव्हतं. मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिकडे ऑफिसात साहेबांना माझ्या गाडीची बातमी लागली. डहाणूला टेबलावरची एक जागा रिकामी होती. साहेब मनाने चांगले. म्हणाले, "निलम, बारा वर्षं झाली डोंगरात. आता पायाला जप. सोमवारपर्यंत बदलीचा अर्ज दे, बाकी मी बघतो." टेबलावर बसून नोंदवह्या भरायच्या! पाड्यावरच्या बाया मला लांबून गाडीच्या आवाजावरून ओळखतात, पोरं सुईच्या भीतीने झाडावर चढतात, त्यांना खाली उतरवण्यात माझी अर्धी सकाळ जाते. ते सगळं सोडून पंख्याखाली बसायचं, या विचाराने मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. अर्ज भरला, सही तेवढी बाकी ठेवली.

शनिवारी शेवटचा उपाय म्हणून अच्छाड गाठलं. रस्ता सपाट, त्यामुळे पोचले. चिमणने सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. "थंड असताना का गरम?" आणि "चढाला का सपाटीला?"

"गरम झाल्यावर. आणि चढालाच."

त्याने इंजिन बंद करून गिअरबॉक्सचं ऑइल मोजायची पट्टी ओढली, बोटावर ऑइल घेऊन हुंगलं. "जळका वास नाय. आतल्या प्लेटा जळल्या असत्या तर सपाटीवर पन घसरली असती." पट्टी पुसून पुन्हा घातली, काढली. ऑइल बरोबर वरच्या खुणेला. तो डोकं खाजवायला लागला.

ढाब्याच्या बाजूला ट्रक धुवायचा सिमेंटचा उतार आहे. चिमणने मला गाडी त्याच्यावर नाक वर करून चढवायला सांगितली आणि स्वतः मागे पावलं टेकवून बसला. पुढची चाकं चढली आणि इंजिन बोंबललं. खाली घेतली, गप्प. पुन्हा वर, पुन्हा बोंब. एव्हाना सहा-सात ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन भोवती जमले होते. एक म्हणाला, "चिमण, नारळ फोड." दुसरा म्हणाला, "तिला ताडी पाज."

चिमणचं लक्ष नव्हतं. तो उतरून शेडमध्ये गेला आणि त्या जुन्या गिअरबॉक्सपुढे उकिडवा बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नुसतं बोट फिरवत होता, ऑइल इथून निघतं, इथे जातं, इथून परत येतं. मग पुढच्या गोल डब्यावर त्याचं बोट थांबलं. तो उठून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"इंजिन चालू करा, बाय. बंद नका करू."

त्याने मला गिअरचा दांडा एकेका खाचेतून फिरवून पार्किंगला आणायला सांगितला, आणि इंजिन चालू असताना पट्टी ओढली. पट्टी जवळजवळ कोरडी. टोकाला तेवढा लाल थेंब.

"इंजिन चालू असला का ऑइल वर त्या डब्यात भरतं," तो म्हणाला. "बंद केला का खाली उतरतं, नि पट्टी भरलेली दिसते. चढाला उरलंसुरलं ऑइल मागं जातं, पंपाला काय मिळत नाय. मग गिअर कसा पकडंल?"

"पण ऑइल गेलं कुठे?" मी विचारलं.

त्या क्षणी चिमण 'गळती' एवढा एक शब्द म्हणाला असता तर जगात कोणाला काही कळलं नसतं. ड्रायव्हर ऐकत होते, मुकेशभाई गल्ल्यावरून मान लांब करून बघत होते. चिमण सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मीच काढला. जूनमधी घाईत ट्रकसारखी इंजिन बंद करून पट्टी बघितली. ऑइल खुणेच्या वर दिसलं. वाटलं, मागल्या खेपेला माझ्याच हातून जास्ती पडलंय. नळी घालून सव्वा लिटर ओढून टाकला."

मी भडकलेच. रागात माझं अहो-जाहो गळून पडतं. "तुझ्यामुळे मी बदलीचा अर्ज लिहिला, चिमण! त्या टायवाल्याचा शहाणपणा ऐकला! दोन रात्री झोपले नाही!" तो मान खाली घालून ऐकत राहिला. ड्रायव्हरांपैकी एकजण हसला, बाकीचे ग्लासात बघायला लागले. बोलून बोलून माझा घसा सुकला तेव्हा त्याने मला पाणी आणून दिलं.

मग शेडमधून लाल ऑइल आणलं. ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगलाही तेच लागतं, म्हणून त्याच्याकडे असायचं. इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं घालत, दर वेळी पट्टी बघत त्याने खुणेपर्यंत आणलं. उतारावर गाडी चढवली, तर गपकन गिअर पकडला. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. "खऱ्या चढाला बघू," म्हणाला आणि मागे जाऊन बसला.

रानशेत गेलं. चढ दिसला आणि माझा उजवा पाय आपोआप सैल पडला. भीती बसली होती, लपवून काय उपयोग!

"पाय नका उचलू," मागून आवाज आला.

मी दाबला. गाडीने खालचा गिअर घेतला आणि घरघरत वर निघाली. पहिलं वळण गेलं. माझा राग तोवर निवला होता, पण कुतूहल जाईना. आरशात बघून विचारलं, "चिमणभाऊ, एवढ्या लोकांपुढे सांगायची काय गरज होती? गळती म्हणाला असता तर?"

"मग दर चढाला तुम्ही गळतंय का, गळतंय का, तेच बघत बसला असता," तो म्हणाला. "गाडीचा भरवसा ऱ्हायला नसता. चिमणचा नाय ऱ्हायला तरी चालंल. मेकॅनिक दुसरा भेटंल, बाय. तुम्हाला पाय दुसरा कुठून आणायचा?"

आजवर सगळ्यांनी मला पायाला जप म्हणूनच सांगितलं. माझा पाय म्हणजे ही गाडी, हे कोणी ओळखलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, पण वळण अवघड होतं, म्हणून पुसले नाहीत. गाडी चढ संपवून वर पोचली, आणि सोमवारी मी साहेबांना सांगून टाकलं की मी सायवन सोडत नाही.