दोघांत मिळून एक नॉर्मल

“मावशी, हल्ली उदास वाटतं का?”

“नाय,” हिराजी म्हात्रे म्हणाले.

प्रश्न त्यांच्या बायकोला होता. द्वारकाबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या.

“झोप लागते?”

“मस्त लागते. घोरते पन,” पुन्हा हिराजीच.

मी तेव्हा नुकतीच मानसोपचारतज्ज्ञ झाले होते आणि एका सर्व्हेत नोकरीला होते. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या साठीपुढच्या माणसांत मानसिक आजार किती, हे मोजायचं होतं. याला प्रिव्हलन्स म्हणतात. म्हणजे शंभर माणसं ओळीत उभी केली तर त्यांतली आजारी किती. हिशेब सोपा आहे. माणसं ओळीत उभी राहत नाहीत, एवढीच अडचण.

आमची सोशल वर्कर सायली आधी घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्न विचारी. ही चाळणी. तिच्यात जे अडकतील त्यांना मी तपासायचं. शिवाय जे नॉर्मल म्हणून सुटले, त्यांतलेही काही चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि पुन्हा बघायचे, कारण चाळणीची भोकं मोठी असू शकतात. पेण तालुक्यात जित्याजवळच्या गावातलं हे म्हात्रे जोडपं असंच चिठ्ठीत निघालं होतं. सायलीने दोघांनाही ठणठणीत ठरवलं होतं. चहा प्यायचा, सही करायची आणि निघायचं, एवढ्याच तयारीने मी गेले होते.

बायकोची मुलाखत नवऱ्याने दिल्यावर मी नवऱ्याकडे वळले. हिराजी रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीची बस चालवून रिटायर झालेले. पेणहून शिफ्टचे कामगार न्यायचे आणि आणायचे. आवाज मोठा, बोलणं भरपूर.

“काका, आज वार कुठला?”

हिराजी हसले. द्वारकाबाई सुपाकडे बघत पुटपुटल्या, “सोमवार हाय, आज मासलीवाली येनार नाय.”

“सोमवार,” हिराजी म्हणाले.

“नातवंडं किती?”

द्वारकाबाईंनी हात झटकला. तीन बोटं जरा जास्तच वेळ वर राहिली.

“तीन.”

परीक्षेत कॉपी करणारी मुलं मी पाहिली होती. इतकी सफाईदार कॉपी पहिल्यांदाच बघत होते. मी सायलीला खूण केली. सायली बोलण्यात पटाईत. “काका, तुमची बस कुठून कुठून जायची, मला बाहेर दाखवा ना,” म्हणत तिने त्यांना अंगणात नेलं.

ते उंबऱ्याबाहेर पडताच द्वारकाबाईंनी सूप खाली ठेवलं. “गो बाय, माझं नंतर. आधी त्यांचं बघ.”

मग त्या बोलत राहिल्या. हिराजी रोज पहाटे खाकी पँट चढवून निघतात. कुठं, तर फर्स्ट शिफ्टला. “मी सांगते, आज सुट्टी हाय. मंग येतात परत. वरीस झालं, कंपनीला मी रोज सुट्टी देते.” त्या झोपायच्या, पण एक कान दाराच्या कडीवर ठेवून. जेवण जात नव्हतं. बहिणीकडे जाणं बंद, कारण यांना एकटं कसं सोडायचं.

“मुलाला सांगितलंत?”

“तो रोह्याला हाय. त्याला कललं तर ठाण्याला नेऊन टाकील.” आमच्याकडे ठाण्याला नेणं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात नेणं. दुसऱ्या कामासाठी कुणी ठाण्याला गेला, तर तसं वेगळं सांगावं लागतं.

“बाजारहाट कोण करतं?”

“दोघं जातो पेणला. त्यांच्या स्कूटरवर.”

मी पेन खाली ठेवलं.

“मी मागं बसून सांगते ना,” त्या म्हणाल्या, “आता डावीकडं घ्या, आता थांबा.”

हायवेवरून, ट्रक-टँकरच्या मधून, ही दोघं अशी जात होती.

सायली आत आली. “मॅडम, काकांनी वडखळपर्यंत बस नीट नेली. नागोठण्यानंतर पुन्हा पेण आणलं. आणि मला तीनदा विचारलं, तुझी शिफ्ट कुठली. शेवटी मी सेकंड म्हणून सांगितलं.”

मग मी हिराजींना एकट्याला बसवून नीट तपासलं. वार येईना, महिना येईना, नातवंडांची नावं येईनात. दोन-तीन प्रश्नांनंतर ते चिडले. “मला काय इचारताव? तिला इचारा. तिला सगलं ठावं हाय.” मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, “ती कुठं गेली?”

माझ्याकडे त्या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

हिराजींना स्मृतिभ्रंश होता आणि द्वारकाबाईंना नैराश्य. संध्याकाळी मी सर्व्हेच्या प्रमुखांना फोन केला. सर संख्याशास्त्रज्ञ. माणसापेक्षा सरासरीवर त्यांचा जीव अधिक.

“गेल्या आठवड्यात त्या घरात दोघंही नॉर्मल होती,” सर म्हणाले.

“दोघांत मिळून एक नॉर्मल होता, सर. आपण दोनदा मोजला.”

“म्हणजे काय करायचं?”

“जितक्या जोडप्यांना एकत्र बसवून विचारलंय, तितकी सगळी पुन्हा करायची. एकेकाला वेगळं.”

“अहवाल पुढच्या महिन्यात द्यायचाय.”

“मग माझ्या सहीशिवाय द्या.”

“करा,” सर म्हणाले. “पण त्या स्कूटरचं आधी बघा.”

हे दुसरं वाक्य त्यांच्याकडून येईल असं मला वाटलं नव्हतं. तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल जरा कमी वाईट बोलते.

द्वारकाबाईंच्या परवानगीने मी मुलाला बोलावलं. हिराजींना ठाण्याला न्यायची गरज नाही, हे आधी सांगितलं आणि मग आजार समजावला. तो पायरीवर बसला आणि आईला म्हणाला, “मला का नाय सांगितलंस गो?” तिने सूप पुढ्यात ओढलं. त्याने स्कूटर रोह्याला नेली. हिराजी दोन दिवस घर डोक्यावर घेऊन होते, नंतर त्यांना स्कूटरची आठवण राहिली नाही. आठवड्यातून तीन दिवस सून येऊन बसू लागली, म्हणजे द्वारकाबाईंना बहिणीकडे जाऊन झोपता येई. हो, झोपायलाच. गप्पा मारायला नाही. त्यांची नैराश्यावरची औषधं लागू पडली. हिराजींची औषधं विसरणं काही काळ थोडं सावरतात, आजार बरा करत नाहीत, आणि हे मी कुणापासून लपवलं नाही.

आम्ही पुन्हा दारोदार फिरलो. आकडा वाढला. किती, ते अहवालात आहे, आणि तो अहवाल माझ्या माहितीत फक्त छापणाऱ्याने वाचला.

यातून मी एकच शिकले. मुलाखतीला खुर्च्या दोनच मांडायच्या. तिसरी ओढून कुणी प्रेमाने येऊन बसलं, तर त्याला आधी चहा करायला पाठवायचं.