मुद्दाम सांडलेली डाळ

एकाच आठवड्यात मोरेश्वरकाकांनी तीन चांगल्या हॉटेलांच्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर डाळ सांडली, आणि तिन्ही वेळा मी त्यांच्यासमोर बसले होते. पहिल्या वेळी मला त्यांची कीव आली. दुसऱ्या वेळी राग आला. तिसऱ्या वेळी मात्र मी ओढणी आधीच आवरून घेतली आणि आता काय होतं ते बघत बसले.

काका मूळचे बोईसरजवळच्या, समुद्रकाठच्या नवापूरचे. घरात पिढ्यान्पिढ्यांची मासेमारी, पण यांना होडीत पाय ठेवला की मळमळायचं. शेवटी कंटाळून वडिलांनी त्यांना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाठवून दिलं. तिथल्या एका कंपनीच्या गेस्टहाऊसवर ते भांडी घासायला लागले आणि तीसेक वर्षांनी तिथले मुख्य कारभारी म्हणून निवृत्त झाले. मी त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत. आमच्याकडे ॲसिड सांडलं तर जेवढा गहजब होई, तेवढाच काकांच्या गेस्टहाऊसमध्ये पाहुण्याला पाणी मागावं लागलं तर होई. "मागून मिलालं ते वाडनं नाय, ती भीक," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

स्तुतीचं त्यांना वावडं होतं. मी एकदा दिवसभर खपून बिर्याणी केली आणि हौसेनं त्यांना डबा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला आणि वर निरोप, "पिवळा भात बरा झालता." बोईसरच्या अर्ध्या हॉटेलवाल्यांशी त्यांचं एकदा तरी वाजलेलं होतं. लग्नकार्यात तर केटररची पाचावर धारण बसे, कारण काका आहेर द्यायच्या आधी आचाऱ्याच्या चुलीपाशी हजर.

पण याच तिखट माणसाची एक गोष्ट आम्ही नव्या लोकांना नेहमी सांगायचो. कंपनीचे एक बडे साहेब दरवर्षी यायचे आणि काकांच्या हातचं मटण मागून मागून खायचे. एका वर्षी ते आले आणि चहाबरोबरचं बिस्कीट बुडवून बुडवून खायला लागले. काकांनी ते लांबून पाहिलं. दुपारी टेबलावर मटण नव्हतंच, सगळ्या बारा जणांना खिमा होता. साहेबांनी नुकतीच कवळी बसवली होती हे आम्हाला पुढे कधीतरी कळलं. मी काकांना विचारलं, एकट्या साहेबांनाच खिमा का नाही दिलात? ते म्हणाले, "एकाला येगलं वाडलं का तो आजारी झाला. सगल्यांना तेच वाडलं का तो बेत झाला."

आता माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे येते. आप्पा बोईसरला शाळेत शिक्षक होते. काकांची दोन्ही मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे काका त्यांना गुरुजी म्हणत. मधल्या सुट्टीत आप्पा वर्गात फेऱ्या मारत आणि ज्याच्या डब्याभोवती शितं सांडलेली दिसतील त्याला ती वेचायला लावत. अन्न सांडणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच. आणि नेमक्या याच माणसाला सत्तरी उलटल्यावर कंपवाताने गाठलं. उजवा हात थरथरायला लागला, घास तोंडापर्यंत पोचेपर्यंत निम्मा खाली. त्यांनी कुणाला काही न सांगता आमच्यासोबत जेवायचं सोडलं. ताट खोलीत मागवायचे, दार लोटून घ्यायचे. लग्न नाही, मुंज नाही, सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा पुडीत बांधून आणायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. दाराबाहेर उभी राहून चमच्याचा ताटावर होणारा आवाज ऐकताना मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी उगाच नवऱ्यावर चिडायची.

अशात त्यांची पंचाहत्तरी आली. पुण्याहून भाऊ सहकुटुंब येणार होता. कुठेतरी छानशा, निवांत हॉटेलात जेवायला जायचं असं आम्ही ठरवलं. आप्पा म्हणाले, "तुम्ही जा. मी वरणभात खाईन." मी दोन दिवस मागे लागले. शेवटी त्यांनी हात टेकले. "येतो, पण एकदाच. तिथे तमाशा झाला तर यापुढे मला कुठे चला म्हणायचं नाही. घरातल्या टेबलावरसुद्धा नाही." आप्पा शब्दाचे पक्के. त्या एका जेवणावर पुढची सगळी वर्षं अवलंबून आहेत हे मला कळत होतं. भाऊ पुण्याहून फोनवर हॉटेलांचे फोटो धाडत होता, मेणबत्त्या, गुलाब, काय काय. मी सरळ काकांचं नवापूर गाठलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. कुठलं हॉटेल, कसला बेत, काहीच विचारलं नाही. "गुरुजींचा कुटला हात?" एवढंच विचारलं आणि शर्ट बदलायला आत गेले.

पहिलं हॉटेल बोईसरलाच, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. गालिचा, मंद दिवे, दारात सलाम ठोकणारा माणूस. मला आवडलं. काकांनी फक्त डाळ-भात मागवला, चमचा उजव्या हातात धरला आणि वाटी कलंडवली. टेबलक्लॉथवर हा एवढा पिवळा ओघळ. दोन वेटर धावले. "कोई बात नहीं अंकल, कोई बात नहीं, हो जाता है," असं म्हणत एकाने पुसायला घेतलं, दुसऱ्याने खुर्ची मागे ओढली. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. माझ्या मनात आलं, अरे देवा, काकांचाही हात गेला की काय. रिक्षात बसल्यावर मी हळूच विचारलं, तर म्हणाले, "माजा हात चांगला हाय. मी ती पोरं बगत होतो. मनाची चांगली हायत, पन सगल्या हालात दवंडी पिटली."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुजींच्या हातून सांडणार हे काकांनी धरूनच चाललं होतं. सांडल्यावर पुढे काय होतं, तेवढंच त्यांना बघायचं होतं.

दुसरं पालघरला. तिथे सांडल्यावर कोणीच आलं नाही. वेटरांवर देखरेख करणाऱ्या कॅप्टनने पाहिलं, आणि मान फिरवून तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. बिल येईपर्यंत तो डाग आमच्या दोघांच्या मध्ये तसाच पडून होता. मला वाटलं, हे बरं आहे की, निदान गाजावाजा नाही. काका उठता उठता म्हणाले, "न बगनं येगलं, आनि दिसलंच नाय असं करनं येगलं." मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, काका, तुमची परीक्षा पास होणारं हॉटेल या तालुक्यात नाही, वाढदिवस तोंडावर आलाय. ते शांतपणे म्हणाले, "मग घरीच करू. पन असल्या ठिकानी गुरुजींना न्यायचं नाय."

तिसरं मनोरच्या रस्त्याला, मासवणच्या पुढे, सूर्या नदीच्या काठाला. काचेच्या मोठ्या खिडक्या, टेबलं एकमेकांपासून लांब, बोलणं हळू आवाजात. वाढायला एक पस्तिशीची बाई होती. काकांनी डाळ सांडली. ती पाण्याचा जग घेऊन आली, ग्लास भरले, आणि पापडाची बशी ठेवता ठेवता एक घडी घातलेला रुमाल त्या डागावर पसरून गेली. काकांकडे तिने वर मान करूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने वाटी पुन्हा भरलेली होती, ती कधी भरली ते मला कळलंसुद्धा नाही.

काकांनी चमचा खाली ठेवला. "बाय, कुटली तू?"

"मासवनची."

"हे कोनी शिकवलं?"

तिला प्रश्नच कळला नाही. काकांनी रुमालाकडे बोट दाखवलं. "ते व्हय," ती म्हणाली. "घरी सासू हाय, तिचं सांडतं."

काका माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हितंच." मेन्यूकार्ड आम्ही तोवर उघडलंही नव्हतं.

पुढचा तासभर त्यांनी मॅनेजरचं डोकं खाल्लं. सूप नको. काट्याचा मासा नको, घोळ माशाचे जाड तुकडे करा. रस्सा दाट ठेवा. सगळ्यांना उभट वाट्या आणि जड चमचे द्या, एकाला नाही, सगळ्यांना. मॅनेजर बिचारा लिहून घेत होता.

वाढदिवसाच्या दुपारी आप्पा इस्त्रीचा बुशशर्ट घालून आले. काकांनी त्यांना उजवा हात भिंतीकडे येईल असं बसवलं. पहिली दहा मिनिटं तो हात टेबलाखालीच होता. मी घरून त्यांचा प्लॅस्टिकचा खोलगट वाडगा आणि पोटावर बांधायचा टॉवेल पर्समध्ये घालून आणला होता. वाडगा काढायला गेले तर काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "ते तसंच राहू दे," ते इतक्या कडक आवाजात कुजबुजले की मला भर पन्नाशीत रडू फुटायचं बाकी राहिलं.

घोळ आली. आप्पांनी वास घेतला आणि हात टेबलावर आला. दोन घास नीट गेले. तिसऱ्याला बोटं वाटीला अडकली, वाटी कलंडली आणि तांबडा रस्सा त्यांच्या बाहीपासून भावाच्या ताटापर्यंत पसरला. भाऊ बोलता बोलता थांबला. त्याची मुलगी टक लावून बघत राहिली. आप्पांचा चेहरा असा उतरला की आता हे उठणार याची मला खात्रीच वाटली. तेवढ्यात ती मासवणची बाई भात घेऊन आली. रुमाल पसरला, ओली वाटी उचलली, भरलेली ठेवली, आणि भावाच्या मुलीला विचारलं, "तुला भात वाडू, बाय?" मुलीची नजर आपोआप स्वतःच्या ताटाकडे गेली. मोरेश्वरकाका तर पाठ करून खिडकीतून नदी बघत उभे होते. पाहुणा म्हणून बोलावलेला हा माणूस त्या दिवशी पाच मिनिटंही खुर्चीत टिकला नाही.

आप्पा काही वेळ रुमालाकडे बघत होते. मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, "घोळीचा आणखी एक तुकडा वाढा."

मी टेबलाखाली नवऱ्याचा हात घट्ट धरला. इतका आनंद मला माझ्या कुठल्याच वाढदिवसाला झाला नव्हता. त्या रात्रीपासून आप्पांचं ताट खोलीत गेलं नाही. पण ते फक्त घरात. चारचौघांत, ओळखीच्या माणसांत जेवायला अजूनही ते नाहीच म्हणत.

पुढच्या वर्षी, सकाळचा चहा पिऊन ओसरीवर बसल्या बसल्या मोरेश्वरकाका गेले. आजार नाही, दुखणं नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं ताट बघणाऱ्या माणसाने स्वतःसाठी कुणाला उठवलंसुद्धा नाही. बातमी आली तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "बाराव्याला मी येणार."

नवापूरला घरासमोर मांडव घातला होता. म्हाताऱ्यांसाठी टेबल-खुर्च्यांची एक वेगळी रांग होती, कडेला, जरा आडोशाला. मी आप्पांना तिकडे न्यायला लागले, तर त्यांनी माझा हात सोडवला आणि ते भर मांडवात, मधल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले. गावातली निम्मी माणसं त्यांचे विद्यार्थी. ज्यांना त्यांनी शितं वेचायला लावली होती, त्या सगळ्यांच्या देखत आप्पा हाताने जेवायला लागले. हात थरथरत होता. भात शर्टावर पडत होता, मांडीवर पडत होता, आणि ते सावकाश जेवत होते. वाढणारा त्यांचाच एक जुना विद्यार्थी, आता केस पिकलेला. भाताचं पातेलं घेऊन तो त्यांच्यापुढे आला आणि गोंधळून तसाच उभा राहिला.

"वाढ रे," आप्पा म्हणाले. "मोरेश्वरच्या दारातून अर्धपोटी उठायचं नसतं."