मुलामा उडालेली तबकडी

संध्या इंगळेला अकोल्याच्या जुन्या शहरात सगळे लाउडस्पीकरवाली संध्याबाई म्हणतात. नवरा गेल्यावर दिरानं त्याचे भोंगे विकायला काढले, तर ही दुकानाच्या दारात आडवी बसली. "मी का निस्ती झाडू मारालेच हावो काय?" त्या दिवसापासून लग्न असो की मिरवणूक, भोंगे हिचे, ऑटो हिचा आणि चालवायलाही हीच.

नाद मात्र भलताच लागला. पूर्वी एखादी रेकॉर्ड तुफान खपली की कंपनी गायकाला सोनेरी तबकडी द्यायची. काचेची चौकट, खाली नावाची पट्टी. सोनं नावालाच, वरून मुलामा. तसली एक संध्याबाईला भंगारच्या गाड्यावर दिसली, फुटक्या कुकरखाली. गायक मेला, पोरांनी घर झाडलं, बापाचा मान किलोवर गेला. तिनं ती उचलली, आणि मग अशा घरांचा माग काढत हिंडू लागली. दीर म्हणाला, "बाया सोनं जमवतात, आमची वहिनी मुलामा जमवून राहिली."

"तुमच्या घरात तं थोही नाई, भाऊजी."

धामणगाव रेल्वे गावची मनकर्णाबाई तिला अशीच भेटली. तिचा नवरा डोमाजी चौकाचौकांत भीमगीतं गायचा. त्याला मिळालेली तबकडी मनकर्णाबाई दरसाल बाबासाहेबांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी चौकटीतून काढायची आणि पितळी भांड्यांसोबत चिंच लावून घासायची. मानाची वस्तू जयंतीला लखलखली पाहिजे! घासता घासता सोनं उडालं, खालचा पांढरा पत्रा उघडा पडला. काठाला तेवढी पिवळी कड उरली. तबकडी देताना म्हातारी एवढंच बोलली, "पेटीत नोको ठेवजो बाई. लोकाइले दिसली पायजे. मलेही एकडाव पाहू दे, चारचौघात."

म्हणून अमरावतीच्या रेकॉर्डप्रेमी मंडळानं प्रदर्शनासाठी तिच्या तबकड्या मागितल्या, तेव्हा संध्याबाईनं म्हातारीला निरोप धाडला: रविवारी ये, तुझा डोमाजी दाखवतो.

रविवारी हॉलमध्ये जाऊन पाहते तर बाकीच्या सगळ्या तबकड्या भिंतीवर, आणि डोमाजी टेबलाखाली खोक्यात.

मंडळाचे अध्यक्ष केशवराव समजावू लागले, "ताई, ही खराब झालेली आहे. मुलामाच राहिला नाही. लोक हसतील."

"हासू द्या. काहून उडाला थे लिहून लावा खाली."

"चिंचेनं घासली, असं लिहायचं?"

"मंग का खोटं लिहाचं? बाकीच्या पिवळ्या हायेत, काहून का त्याइले कोनं हातच लावला नाई. पडल्या होत्या माळ्यावर. हे एकटीच हाय जिची कोनं तरी दरसाल सेवा केली."

"भावना समजतात हो, पण दर्जा नावाची काही गोष्ट—"

"दर्जा ठेवा तुमच्यापाशी."

तिनं स्टूल ओढलं आणि पहिली चौकट खाली उतरवली. मग दुसरी. केशवरावांची शुद्ध भाषा तिथंच सुटली. "हे का करून राहिल्या तुमी? पाहुणे येऊन राहिले ना बाप्पा!"

"माह्या हायेत. मी नेतो."

फाटकाबाहेर तिचा ऑटो उभा होता. भोंगे बांधायच्या दांड्यांना तिनं सगळ्या चौकटी तारेनं बांधल्या, डोमाजी मधोमध. मग माइक हातात घेतला. "ज्याइले तबकड्या पाहाच्या हायेत त्याइनं इकडे यावं. अंदर आता निस्ते खिळे हायेत."

लोक बाहेर आले. रसवंतीवाला आला, शिकवणीच्या पोरी आल्या, आणि एकच गर्दी झाली. पांढऱ्या पत्र्याचं काय म्हणून एकीनं विचारलं, तर संध्याबाईनं चिंचेसकट सगळं माइकवर सांगितलं. कोणी हसलं नाही असं नाही. पण हसून कोणी निघून गेलं नाही.

तेवढ्यात मनकर्णाबाई रिक्षातून उतरली. लोक सरकले. ती चौकटीपुढं उभी राहिली, पदरानं काच पुसली, आणि मग पाहत राहिली.

केशवराव घाम पुसत आले. "आजी, चला अंदर. मधात लावतो याइले. सगळ्यात मोठ्या भिंतीवर."

संध्याबाईनं म्हातारीकडं पाहिलं. तबकडी आता संध्याबाईची होती, पण याचं उत्तर म्हातारीनंच द्यायचं होतं.

"काहून?" म्हातारी मागं न वळता म्हणाली. "थो जनमभर रस्त्यावरच गायला. तवा कोनं अंदर बलावलं नाई. आता ज्याले पाहाचं हाय थो येईन अथीसा, रस्त्यावर."

"आयकलं ना भाऊ?" संध्याबाईनं माइक तोंडाशी धरूनच विचारलं. "तुमीही पाहून घ्या. पन जरा मांगं उभे राहा, फुडं म्हातारी हाय."